डोळा खाली

आमच्या धंद्याला नाव काय द्यायचं यावरून घरात बरेच दिवस वाजत होतं. ह्यांना काहीतरी भारदस्त हवं होतं, ‘हरित’ नाहीतर ‘वसुंधरा’ असलं. मी म्हटलं, काहीही ठेवा, लोक आपल्याला बादलीवालेच म्हणणार. झालंही तसंच. टेम्पोवर हिरव्या अक्षरांत जे रंगवून घेतलंय ते आजवर कुणी वाचताना मी पाहिलेलं नाही. बेकरीची मालकीण आतूनच ओरडते, “बादलीवाली आली गं!” आणि मागचं दार उघडतं.

काम सांगायला सोपं आहे. बेकरी, कॉफीची दोन दुकानं, फुलवाला, फळांच्या रसाचं दुकान, तीन-चार खानावळी, एवढी आमची गिऱ्हाइकं. त्यांना झाकणाच्या बादल्या आम्ही द्यायच्या, दिवसाआड भरलेली उचलायची, धुतलेली ठेवायची. सालं, देठं, शिळा पाव, कॉफीचा चोथा, कोमेजलेली फुलं, सगळं शहराच्या कडेला आमच्या आवारात जातं. तिथे लाकडाच्या भुश्शाबरोबर थर लावायचे, ढीग रचायचा, तापला की उलथायचा, काही महिन्यांनी चाळायचा. त्यातलं बहुतेक खत माझ्या नणंदेच्या रोपवाटिकेत जातं. आणि वर्षातून एकदा प्रत्येक दुकानाला एक गोणी खत परत द्यायचं, फुकट. तिला आम्ही परतीची गोणी म्हणतो. कल्पना ह्यांचीच. “त्यांच्याच ताटातलं त्यांच्याच कुंडीत!” असं म्हणताना ह्यांचा चेहरा इतका खुलतो की टिंगल करायचीही लाज वाटते.

हे मूळचे फ्रिजचे मेकॅनिक. उभी हयात खानावळींचे फ्रिज दुरुस्त करण्यात गेली. गिऱ्हाइकं जमली तीही त्याच ओळखीतून. निवृत्त झाल्यावर म्हणाले, “आयुष्यभर थंड करत आलो, आता जरा गरम करून बघू.” तेव्हापासून हातभर लांबीचा थर्मामीटर आणि हे, अशी जोडी झाली. सकाळी चहा व्हायच्या आत ढिगात थर्मामीटर खुपसायचा आणि बघायला मला हाक मारायची. पोटच्या मुलांचा ताप ह्यांनी कधी एवढ्या आवडीने पाहिला असेल तर शपथ.

गेल्या थंडीत ढीग तापेना. भुस्सा कमी केला, कॉफीचा चोथा वाढवला, वरून ताडपत्री घातली, तरी आपला थंडगार. ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. मग कुठूनतरी घोडेस्वारीच्या शाळेचा मॅनेजर भेटला. लीद आणि तबेल्यातलं गवत न्या म्हणाला, फुकट न्या, मलाच सुटका हवीय. आम्ही टेम्पो भरभरून आणलं. दोन दिवसांत ढिगातून वाफा निघायला लागल्या. हे आवारात चक्क नाचले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. थंडी सरता सरता ते खत चाळून तयार झालं. ताईंकडे गोण्या गेल्या, आणि परतीच्या गोण्याही त्याच ढिगातून भरल्या.

ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. यजमान गेल्यावर त्यांनी रोपवाटिका एकटीने उभी केली असं सगळे म्हणतात. ताई स्वतः तसं म्हणत नाहीत, कारण पहिल्या दिवसापासून मावशी त्यांच्यासोबत होत्या. मावशी नक्की कुणाच्या मावशी ते कुणालाच ठाऊक नाही. ताईंच्याही मावशी, माझ्याही, रोपं न्यायला येणाऱ्या बागायतदारांच्याही. ट्रेच्या कप्प्यांत खत भरायचं, बी टाकायचं, पाणी, फवारणी, सगळं त्यांच्या हातचं. मी या कामात नवी होते तेव्हा घेवडा कसा पेरायचा हे त्यांनीच मला शिकवलं. बोटाच्या एका पेराएवढं खोल, आणि बीचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो ठिपका, खाली. “बाळ येताना डोकं खाली असतं ना वहिनी, तसं,” त्या म्हणाल्या होत्या. मी वेंधळेपणाने उलटंसुलटं पेरलं की हसायच्या. “येईल हो तरी. फक्त बिचाऱ्याला वळसा पडेल.”

एक दिवस मी उरलेल्या गोण्या उतरवायला रोपवाटिकेत गेले, तर ताई टोमॅटोच्या ट्रेसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या. रोपांचे शेंडे मुठीसारखे आवळले होते. पानं बारीक, पिळलेली, एकेक देठ वाकडं. एकदोन रोपं नाहीत, मांडवभर.

“हे तणनाशक आहे,” ताई म्हणाल्या. पूर्वी एकदा शेजारच्या शेतातून फवारा उडून आला होता तेव्हा त्यांनी हेच पाहिलं होतं. त्यांच्या मागे शेडच्या भिंतीवर पाठीवर घ्यायचे दोन पंप टांगलेले होते. निळा रोपांच्या टॉनिकचा, लाल वाटेतलं गवत मारायच्या औषधाचा. आणि फवारणी मावशींनी केलेली.

“मावशी, कुठला पंप घेतला होतात?”

“निळा.”

“नक्की?”

“नक्की.”

ताईंनी एक ट्रे उचलून त्यांच्यासमोर धरला. सगळी रोपं बागायतदारांना कबूल केलेली होती, माणसं त्याच आठवड्यात न्यायला येणार होती. “मग हे काय आहे? नीट आठवून सांगा. नक्की निळाच होता?”

मावशींनी ट्रेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “निळाच... असेल हो, ताई.”

तेवढ्यावर निकाल लागला. ताई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, चार दिवसांनी दोघी विसरल्या असत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मावशी, खूप केलंत माझ्यासाठी. वय झालं आता. घरी आराम करा.” मावशींनी हातमोजे काढले, एकात एक घालून टेबलावर ठेवले आणि गेल्या. मी तिथेच गोण्या उतरवत होते. आमच्याच गोण्या.

मावशींच्या मुलाची छोटी खानावळ आहे. तीही आमच्या गिऱ्हाइकांतलीच. मुलगा बाहेर टेबलं सांभाळतो, सून स्वयंपाकघर बघते, आणि दोघांच्या मधे कुठेतरी नात रांगत असते. मी मागच्या दाराने बादली घ्यायला गेले तर मावशी पाण्याच्या टाकीजवळ स्टुलावर बसलेल्या. मांडीवर हात, हातात काही नाही. मावशींना रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी बादलीचं झाकण उघडलं. भाताच्या शितांत आणि बटाट्याच्या सालांत पांढरे प्लास्टिकचे चमचे.

“अय्या, पुन्हा गेले का?” सून कढईवरून नजर न काढता म्हणाली. “आईंनी टाकले असतील हो, काकू. हल्ली त्यांचं असंच चाललंय. तिकडे पंपाचं काय झालं ते ऐकलंत ना?”

आता या बादलीत चमचे काही आज सापडत नव्हते. आम्ही ही बादली उचलायला लागलो त्या पहिल्या आठवड्यापासून सापडताहेत, आणि तेव्हा मावशी दिवसभर रोपवाटिकेत असायच्या. चमच्यांवरून मी सुनेशी तीनदा भांडले आहे. तेव्हा ती म्हणायची, गिऱ्हाइकं टाकतात. मी तोंड उघडणार एवढ्यात मावशी स्टुलावरून उठल्या. बाही वर करून त्यांनी बादलीत हात घातला आणि एकेक चमचा काढून बाजूला ठेवायला लागल्या.

“राहू द्या हो, मावशी, मी काढते.”

“माझ्याच हातून झालं असेल, वहिनी,” त्या म्हणाल्या.

सून वाईट नाही. सकाळपासून एका पायावर उभी असते, पोर कडेवर, हातात झारा. घरात एक चुकणारं माणूस मिळालं की बाकीच्यांचं जरा हलकं होतं, एवढंच. मला ते कळत होतं, तरी डोक्यात तिडीक गेली. बादली टेम्पोत मी इतक्या जोरात आदळली की झाकणाला चीर पडली.

त्याच आठवड्यात बेकरीच्या मालकिणीने मला हात धरून मागच्या अंगणात नेलं. भिंतीला लागून तिने टोमॅटो लावले होते. “तुमचं खत म्हणजे सोनं, म्हणून घातलं मी. हे बघ तुमचं सोनं!”

शेंडे आवळलेले. पानं बारीक, पिळलेली.

“काही फवारलं होतंत का?” माझा आवाज मलाच परका वाटला.

“मी? अगं, मला पाणी घालायला वेळ नाही, फवारते कसली!”

बेकरी रोपवाटिकेपासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे लाल पंप नव्हता, निळा नव्हता, मावशी नव्हत्या. आमची परतीची गोणी मात्र होती, अर्धी रिकामी, भिंतीला टेकवून ठेवलेली. पुढच्या तीन दुकानांतून मी बादल्या कशा उचलल्या, कुणाशी काय बोलले, काही आठवत नाही.

“रोग असेल,” हे म्हणाले. “नाहीतर पांढरी माशी.”

“दोन्हीकडे एकच माशी? टेम्पोत बसून गेली का?”

“तू उगाच...”

“त्या मॅनेजरला फोन लावा. त्याचं गवत कुठून येतं ते विचारा.”

फोन लावला. मॅनेजर मोठा गोड माणूस. गवतवाला त्याच्या कुरणावर औषध मारतो म्हणाला, रुंद पानांचं तण मारायचं. “गवताला काही होत नाही. घोड्यांनाही काही होत नाही हो, अगदी बिनधास्त!” ह्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ थर्मामीटर फडक्याने पुसत बसले. तो स्वच्छच होता.

“ढीग इतका तापला होता,” शेवटी म्हणाले. “हात घालवत नव्हता. घोड्याच्या पोटातून लिदीत आलं तरी एवढ्या उष्णतेत औषध टिकतं का?”

“ते आपण घेवड्याला विचारू.”

खताचा संशय आला की आमच्यात घेवडा पेरून बघतात. घेवडा हळवा असतो, तणनाशकाचा वासही त्याला सोसत नाही. चार कुंड्या घ्यायच्या. एकीत नुसती माती, एकीत लीद यायच्या आधीचं जुनं खत, एकीत नवं खत, एकीत नुसती लीद मातीत मिसळून. चौघींना एकाच बाटलीतलं पाणी, एकच ऊन. मग थांबायचं. घेवडा उगवतो आणि सांगतो.

“तोवर ताईला काही बोलू नकोस,” हे म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. “नुसत्या संशयावर बोललो आणि बाहेर पसरलं, तर एक दुकान बादली देणार नाही. उगवू तर दे. मग बघू.”

मी हो म्हटलं. मावशींसाठी जीव तुटत होता, पण आमचं घरही त्या बादल्यांवरच चालतं आणि भीती मलाही वाटत होती. शिवाय मनातल्या मनात मी म्हणत होते, आठ-पंधरा दिवसांनी असं काय बिघडतंय? घेवडा पेरताना प्रत्येक बी बोटांत फिरवून डोळा शोधला, खाली केला, आणि प्रत्येक वेळी मावशींचा आवाज कानात आला.

काय बिघडतंय ते मला दिवसाआड बादली घेताना दिसत गेलं. आधी मावशींच्या हातातून सुरी गेली, बोट कापून घेतील म्हणून. मग गॅस गेला. मग मागच्या दाराची किल्ली. प्रत्येक गोष्ट त्या स्वतःच काढून द्यायच्या, कुणी मागायच्या आत. रोपवाटिकेत शंभर ट्रेमधला नेमका कुठला कोरडा आहे हे न बघता सांगणारी बाई, टाकीजवळच्या स्टुलावर बसून साखरेचा डबा उघडून बघायची, बंद करायची, पुन्हा उघडून बघायची.

एका दुपारी मी गेले तेव्हा नात रडत होती आणि सून बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होती. मावशींनी उठून बाटलीत दूध भरायला घेतलं. पावडरचा डबा उघडला, चमचा भरला, काठाला लावून सपाट केला. हात अगदी स्थिर होता. तेवढ्यात सून धावत आली.

“आई! तुम्ही राहू द्या ना!” तिने बाटली हातातून काढूनच घेतली. “एखाद्या दिवशी त्यात भलतंच काहीतरी घालाल.”

मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. आईकडे बघून त्याने खाली मान घातली आणि परत बाहेर गेला. त्याने काही बोलावं म्हणून मी एवढी थांबले होते की हातातली बादली जड झाली.

“बरोबर आहे तिचं,” मावशी मला म्हणाल्या, जणू मीच सुनेला बोल लावला होता. “लहान जिवाचा प्रश्न आहे.” मग जवळ येऊन हळू आवाजात, “वहिनी, मी आता नळ बंद केला की नाही ते सारखं जाऊन बघते. बंदच असतो. पण मग वाटतं, हे बघितलं ते आत्ता, की मघाशी? तुम्हाला होतं का हो असं?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मावशी, पंप नाही, आमचं खत. चार शब्द. ते गिळून मी म्हटलं, “होतं हो, सगळ्यांनाच होतं,” आणि बादली उचलून बाहेर पडले. टेम्पोत बसून दार आपटून लावलं. राग माझा मलाच आला होता. ह्यांचा आला होता, त्या गोड मॅनेजरचा आला होता. बिचाऱ्या घोड्यांचासुद्धा आला होता.

आवारात पोचले ती बोलतच. “बस झालं. घेवडा उगवो नाहीतर मरो, आज संध्याकाळी मी ताईंकडे जाणार.”

हे कुंड्यांजवळ बसले होते. कुंड्यांवर गोणपाट टाकलेलं होतं.

“हे कशाला झाकलंय?”

“ऊन लागतंय त्यांना.”

मी गोणपाट ओढलं. मातीतला घेवडा सरळ, तळहातासारखी उघडी पानं. जुन्या खतातला त्याहूनही छान. नव्या खतातला आणि लिदीतला, दोन्ही आवळलेले, पानं आत वळलेली, शेंडा मुठीसारखा.

“कधी दिसलं हे?”

ह्यांनी गोणपाट उचलून त्याची घडी घालायला घेतली.

“कधी दिसलं?”

“परवा.”

परवा. म्हणजे आज त्या बाईच्या हातातून नातीच्या दुधाची बाटली काढून घेतली, तेव्हा तिची बाजू इथे गोणपाटाखाली उगवून बसली होती.

“मला वाटलं, अजून एकदोन पानं येऊ द्यावीत,” हे म्हणाले. “कदाचित पुढची सरळ येतील.”

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मावशींचं एकेक सांगितलं. सुरी, गॅस, किल्ली, बाटली. तुमचा ढीग तापावा म्हणून एका धडधाकट बाईला वेडं ठरवलंय सगळ्यांनी, आणि आता ती स्वतःही तसंच मानायला लागलीय, असं ओरडले. हे ऐकत राहिले. मधे एकदाही “अगं, पण” म्हणाले नाहीत, आणि ह्यांच्याबाबतीत ते फार झालं. मी दमले तेव्हा उठले, चारही कुंड्या एका क्रेटमध्ये ठेवल्या, कडेने कागद कोंबला, म्हणजे हलू नयेत.

“किल्ली दे,” म्हणाले. “ताईला मी सांगतो. तू बोलू नकोस.”

ताईंनी कुंड्या बघितल्या. ह्यांनी लीद, गवत, मॅनेजर, सगळं क्रमाने सांगितलं, परवाचंसुद्धा. सगळ्या दुकानांतून गोण्या परत आणतो म्हणाले, कारण विचारलं तर कारणही सांगेन, मग बादल्या राहोत नाहीतर जावोत. ताईंना त्यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यांनी लिदीतल्या घेवड्याचं एक पान तोडून बोटांत उलगडायचा प्रयत्न केला. ते उलगडेना.

“मी मावशींना तीनदा विचारलं,” त्या म्हणाल्या. “दोनदा त्यांनी निळाच म्हणून सांगितलं होतं. मी तिसऱ्यांदा विचारलं.” टेबलावर ते हातमोजे अजून तसेच होते, एकात एक घातलेले. ताईंनी ते उचलून पर्समध्ये टाकले आणि टेम्पोत येऊन बसल्या.

खानावळीत जेवणं आटोपली होती. मुलगा टेबलं पुसत होता. आम्ही तिघं मागच्या दाराने न येता पुढून आलो, हातात क्रेट, तेव्हाच तो दचकला. ताई थेट आत गेल्या, टाकीजवळ, आणि स्टुलासमोर खाली फरशीवरच बसल्या.

“मावशी, चूक तुमची नव्हती. पंप तुम्ही बरोबरच घेतला होता. ह्याच्या खतात दोष होता, घोड्याच्या लिदीतून आला. बघा, या कुंड्यांना पंप लागलेलाच नाही, तरी तसंच झालंय. मी चुकले. मला माफ करा, आणि उद्यापासून या.”

मावशींनी कुंड्या बघितल्या. आवळलेल्या शेंड्यावरून हलकेच बोट फिरवलं. “असंच झालं होतं,” म्हणाल्या. सून चुलीजवळ उभी होती, मुलगा दारात. मला वाटलं आता मावशी रडतील, नाहीतर ताईंना चार शब्द सुनावतील. मी त्याची वाटच बघत होते.

मावशी हसल्या. पाहुण्यांशी हसतात तसं. “तुमचं मन मोठं आहे ताई. पण माझ्यासाठी एवढं खोटं कशाला?”

“खोटं?”

“पंप मीच चुकवला. मला आठवतंय ना.”

“काय आठवतंय?” ताईंचा आवाज बसला होता.

“लाल पंप होता पाठीवर. पट्टा काचत होता खांद्याला. निळ्याच्या पट्ट्याला मी फडकं गुंडाळलंय, तो काचत नाही. त्या दिवशी काचत होता.” त्यांनी डावा खांदा चोळला. “आधी आठवत नव्हतं. मग इथे बसून रोज आठवायला लागले, तेव्हा सगळं आठवलं.”

ह्यांनी क्रेट खाली ठेवला आणि तसेच वाकून उभे राहिले. ताई समजावत राहिल्या, बेकरीचं सांगितलं, मॅनेजरचं सांगितलं, आणि मावशी प्रत्येक गोष्टीला “हो का?” म्हणत राहिल्या. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. आम्ही गप्प बसलो होतो त्या दिवसांत या बाईने त्या जागेवर बसून, प्रामाणिकपणे कष्ट करून, न केलेली चूक घडवून आणली होती, पट्ट्यासकट.

मी टेम्पोतून दोन रिकाम्या कुंड्या आणल्या. एकीत साधी माती, एकीत आमचं खत. खिशात चाचणीतलं उरलेलं बी होतं, ते मावशींच्या तळहातावर ठेवलं. “आमच्यावर विश्वास नाही ना? नका ठेवू. तुम्हीच पेरा. तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर राहील. इथे पंप नाही, कुणी नाही. काय उगवतं ते तुम्हीच बघा.”

मावशींनी बिया तळहातावर घोळवल्या. अंगठ्याने एक उलटी केली, सुलटी केली. हात कुंडीच्या काठापर्यंत गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागे घेतला आणि सुनेसमोर धरला.

“तू पेर गं. माझ्या हातून काहीतरी चुकायचं.”

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. तिने पोर नवऱ्याकडे दिलं, हात पदर नसल्यामुळे ड्रेसलाच पुसले आणि बिया घेतल्या. कुंडीसमोर उकिडवी बसली. तिने जन्मात कधी काही पेरलं नव्हतं, ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

“किती खोल, आई?” तिने विचारलं. आवाज रडवेला होता.

“बोटाचं एक पेर,” मावशी लगेच म्हणाल्या. “आणि डोळा खाली.”

सुनेने बी बोटांत फिरवून डोळा शोधला, खाली केला, दाबला, वर माती लोटली. मग दुसरं. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होत्या, आणि थोडा वेळ त्या अगदी पूर्वीच्या मावशी दिसल्या. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“बरोबर ना हो, वहिनी? डोळा खालीच असतो ना?”

“खालीच असतो, मावशी,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. क्षणभर थांबल्या, आणि ह्यांच्याकडे वळून तेच पुन्हा विचारलं.